‘येस’ दाबण्याआधी: विंडोजमध्ये सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्याच्या परवानग्या

सेटअपच्या फाइलवर डबल क्लिक केलं की पडदा अंधारतो, मधोमध एक चौकट येते आणि विचारते, या अ‍ॅपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? खाली दोन बटणं, ‘येस’ आणि ‘नो’. आपण ‘येस’ दाबतो. वाचून दाबतो असं नाही, ते दाबल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही एवढं ठाऊक असतं म्हणून दाबतो. मग सहा महिन्यांनी तेच सॉफ्टवेअर काढायला जावं, तर विंडोज म्हणतं, तुम्हाला तो अधिकारच नाही. अरे, मग टाकलं कुणी?

प्रश्न वैतागून विचारलेला असला तरी बरोबर आहे. विंडोजमधल्या परवानग्यांचा बहुतेक गोंधळ याच दोन गोष्टींशी येऊन थांबतो: सॉफ्टवेअर कोणत्या खात्याने टाकलं, आणि ते कुणासाठी टाकलं. खाली दिलेली नावं विंडोज ११ मधली आहेत. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला तरी ते वापरणारे पुष्कळ आहेत. तिथे एखाद-दुसरं नाव वेगळं दिसेल, पण रीत तीच.

पहिली पायरी: आपण कोण आहोत?

‘सेटिंग्ज’ उघडा, ‘अकाउंट्स’मध्ये जा आणि ‘युअर इन्फो’ पाहा. नावाखाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असं लिहिलेलं असेल तर तुमचं खातं अ‍ॅडमिनचं, म्हणजे संगणकभर बदल करायचे अधिकार असलेलं. नसेल तर ते ‘स्टँडर्ड’, म्हणजे साधं खातं. नव्या संगणकावर विंडोज पहिल्यांदा सुरू करताना जे खातं तयार होतं ते अ‍ॅडमिनचंच असतं. त्यामुळे संगणक तुम्ही स्वतः सुरू केला असेल तर बहुधा तुम्हीच अ‍ॅडमिन आहात.

पण अ‍ॅडमिन असूनही विंडोज परवानगी का विचारतं? जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात असं नव्हतं. घरगुती संगणकावर जवळजवळ प्रत्येक खातं अ‍ॅडमिनचं असायचं आणि त्या खात्यातून सुरू झालेला प्रत्येक प्रोग्रॅम, मग तो व्हायरस का असेना, अ‍ॅडमिनच्याच थाटात वावरायचा. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि सोबत ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ आलं, म्हणजे यूएसी. तेव्हापासून अ‍ॅडमिनने लॉगिन केलं की विंडोज त्याच्या नावाने दोन ओळखपत्रं काढतं. एक साधं, एक पूर्ण अधिकाराचं. रोजचं सगळं काम, ब्राउझर, फाइल उघडणं, गाणी ऐकणं, हे साध्या ओळखपत्रावर चालतं. दुसरं कपाटात राहतं. ती अंधारलेली चौकट म्हणजे विंडोज विचारतंय, कपाट उघडू का?

साधं खातं असेल तर कपाटात दुसरं ओळखपत्र नसतंच. म्हणून तिथे नुसतं ‘येस’ चालत नाही, कुणातरी अ‍ॅडमिनचा पासवर्ड किंवा पिन मागितला जातो. हा फरक लक्षात ठेवा. पुढे याच ठिकाणी घोडं पेंड खातं.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर कुठे जाऊन बसणार आहे?

एखादं सॉफ्टवेअर परवानगी मागतं आणि दुसरं मुकाट्याने बसतं, याचं कारण ते चांगलं की वाईट यात नसून ते कुठे बसतं यात आहे.

संगणकातल्या काही जागा सामाईक आहेत. सी ड्राइव्हवरचे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ आणि त्याचा एक्स-८६ वाला जुळा भाऊ, ‘विंडोज’ फोल्डर, रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतला, ‘लोकल मशीन’ हा भाग. इथे काहीही बदललं तर त्या संगणकावरच्या प्रत्येकावर परिणाम होतो. म्हणून इथे लिहायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. साध्या खात्याला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधलं वाचता येतं, तिथला प्रोग्रॅम चालवता येतो, पण बदलता येत नाही.

काही जागा मात्र तुमच्या एकट्याच्या आहेत. ‘यूजर्स’ फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘अ‍ॅपडेटा’ नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, आणि रजिस्ट्रीत ‘करंट यूजर’ हा भाग. इथे तुम्ही काहीही करा, विंडोज विचारत नाही. आपल्याच खोलीत खिळा ठोकायला सोसायटीची परवानगी लागत नाही, तसं.

यातून सॉफ्टवेअरचे दोन प्रकार पडतात: सगळ्यांसाठी बसणारं आणि फक्त तुमच्यासाठी बसणारं. उत्तम उदाहरण म्हणजे ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा प्रोग्रॅम लिहिण्याचा एडिटर. त्याचे दोन वेगवेगळे इन्स्टॉलर, म्हणजे सेटअपच्या फाइली, मिळतात, ‘यूजर’ आणि ‘सिस्टीम’. यूजरवाला ‘अ‍ॅपडेटा’मध्ये ‘लोकल’ आणि त्यात ‘प्रोग्रॅम्स’ या फोल्डरात बसतो आणि अ‍ॅडमिनची परवानगी मागत नाही. पुढचे अपडेटसुद्धा गुपचूप होतात. सिस्टीमवाला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसतो आणि चौकट दाखवतो. बऱ्याच इतर इन्स्टॉलरमध्ये हाच प्रश्न सुरुवातीच्या एखाद्या पानावर असतो: ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ की ‘जस्ट फॉर मी’. लोक हे पान सर्वाधिक घाईने ओलांडतात, आणि नेमकं हेच पान थांबून वाचायचं असतं.

माझं मत विचाराल तर संगणक एकटेच वापरत असाल आणि पर्याय दिला असेल, तर ‘जस्ट फॉर मी’ घ्या. कमी अधिकारात काम होत असेल तर जास्त द्यायचे कशाला? संगणक चार जण वापरत असतील तर मात्र ‘ऑल यूजर्स’, नाहीतर एकाच प्रोग्रॅमच्या चार प्रती चार खात्यांत बसतील आणि चार वेळा अपडेट कराव्या लागतील. ड्रायव्हर (प्रिंटरसारखी यंत्रं संगणकाला जोडून देणारी सॉफ्टवेअर), अँटिव्हायरस, पार्श्वभूमीला सर्व्हिस म्हणून चालणारी सॉफ्टवेअर यांना हा पर्याय नसतोच, त्यांना अ‍ॅडमिन लागतोच. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली बहुतेक अ‍ॅप्स याच्या उलट, साध्या खात्यातूनही चौकटीशिवाय बसतात.

तिसरी पायरी: चौकट वाचायची

पडदा अंधारतो तो नाटक म्हणून नाही. त्या वेळी विंडोज तुम्हाला एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर नेतं. तिथे इतर प्रोग्रॅमना प्रवेश नसतो, म्हणजे एखादा लबाड प्रोग्रॅम तुमच्या वतीने ‘येस’वर क्लिक करू शकत नाही. क्लिक माणसानेच करायचा, आणि माणूसच वाचत नसेल तर या सगळ्या बंदोबस्ताचा उपयोग काय?

वाचायला तीनच गोष्टी आहेत. वर प्रोग्रॅमचं नाव. त्याखाली ‘व्हेरिफाइड पब्लिशर’, म्हणजे फाइलवर डिजिटल सही कुणाची आहे. मग ‘फाइल ओरिजिन’, म्हणजे फाइल कुठून आली. चौकट निळ्या रंगाची असेल तर सही तपासून बरोबर निघाली आहे. पिवळी असेल आणि ‘पब्लिशर अननोन’ म्हणत असेल तर फाइलवर कुणाची ओळखीची सही नाही. पिवळं म्हणजे व्हायरस असं नव्हे. छोट्या लेखकांची चांगली सॉफ्टवेअरही बिनसहीची असतात, कारण सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात. पण पिवळं दिसलं की ही फाइल मी कुठून उतरवली हे एकदा आठवायचं. लाल असेल तर विंडोजने ती अडवलेलीच आहे.

निळ्यावरही आंधळा विश्वास नको. सही फक्त एवढंच सांगते की फाइल अमुक कंपनीकडून आली आणि वाटेत बदललेली नाही. ती कंपनी सज्जन आहे का, हे सही सांगत नाही. म्हणून नाव जुळतंय का पाहा. पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर टाकताय आणि पब्लिशरच्या जागी कधी न ऐकलेलं, भलतंच नाव दिसतंय, तर ‘नो’. आणि तुम्ही काहीच सुरू केलेलं नसताना ही चौकट आपोआप उगवली, तर विचारही करायचा नाही, ‘नो’. खरंच गरजेचं काही असेल तर ते पुन्हा विचारेल.

याच्याशी गल्लत होणारी आणखी एक निळी खिडकी आहे. ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ असं तीत लिहिलेलं असतं. ती स्मार्टस्क्रीनची, म्हणजे उतरवलेल्या फाइली तपासणाऱ्या विंडोजच्या सोयीची. तिचा अ‍ॅडमिनच्या अधिकारांशी संबंध नाही. इंटरनेटवरून आलेली ही फाइल फारशा लोकांनी वापरलेली नाही किंवा संशयास्पद आहे, इतकंच ती सांगते. ‘मोअर इन्फो’ दाबल्यावर ‘रन एनीवे’ दिसतं. फाइल मूळ संकेतस्थळावरून घेतल्याची खात्री असेल तरच ते दाबा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष टाकणं

१. फाइल सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घ्या आणि आपल्याच ‘डाउनलोड्स’ फोल्डरात ठेवा. नेटवर्क ड्राइव्हवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरच्या जोडून घेतलेल्या फोल्डरातून, थेट चालवू नका. तुम्हाला तो, समजा झेड ड्राइव्ह म्हणून, दिसत असतो, पण तो साध्या ओळखपत्रावर जोडलेला असतो. इन्स्टॉलर पूर्ण अधिकाराच्या ओळखपत्रावर गेला की त्याला तोच ड्राइव्ह बहुधा दिसत नाही, आणि ‘फाइल सापडली नाही’ अशी विचित्र तक्रार येते.

२. आधी साधं डबल क्लिकच करा. राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडायची सवय काहींना लागलेली असते, जणू ते काही शक्तिवर्धक आहे. त्याची गरज नसते. नीट बनवलेल्या इन्स्टॉलरला आपल्याला किती अधिकार हवेत ते ठाऊक असतं आणि तो ते स्वतःच मागतो.

३. ‘ऑल यूजर्स’ की ‘जस्ट फॉर मी’ हा प्रश्न आला तर ठरवल्याप्रमाणे उत्तर द्या, आणि काय निवडलं ते कुठेतरी टिपून ठेवा. काढताना उपयोगी पडतं.

४. चौकट आली तर वाचा, मग ‘येस’.

५. शेवटच्या पानावर ‘आत्ताच सुरू करा’ अशी खूण केलेली असते, ती काढा. इन्स्टॉलर पूर्ण अधिकाराने चालत असतो आणि काही इन्स्टॉलर नवा प्रोग्रॅमही त्याच अधिकाराने सुरू करतात. मग गमती होतात. फाइल ओढून त्या प्रोग्रॅमवर टाकायला जावं तर ती पडतच नाही, कारण साध्या अधिकाराच्या फाइल एक्सप्लोररला अ‍ॅडमिनच्या खिडकीत काही टाकू देत नाहीत. आणि माणसाला वाटतं सॉफ्टवेअरच बिघडलेलं आहे. ‘फिनिश’ दाबा आणि मग स्टार्ट मेन्यूतून नेहमीसारखं उघडा.

‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खरंच कधी लागतं? इन्स्टॉलर जुना असेल आणि न विचारता चालू होऊन मध्येच ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून अडकत असेल, किंवा ७४० हा एरर देत असेल, तेव्हा. ७४० चा अर्थच ‘या कामाला वरचे अधिकार लागतील’ असा आहे.

एमएसआय प्रकारच्या, म्हणजे नावाच्या शेवटी ‘.msi’ असलेल्या, इन्स्टॉलर फाइलींची गोष्ट जरा वेगळी. त्यांच्यावर राइट क्लिक केलं तर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ सापडतच नाही. ‘इन्स्टॉल’, ‘रिपेअर’, ‘अनइन्स्टॉल’ असे पर्याय असतात. एरवी डबल क्लिक पुरतं, कारण विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस लागेल तेव्हा स्वतः परवानगी मागते. तरीही एखादी फाइल अडलीच, किंवा १९२५ हा एरर आला, म्हणजे ‘सगळ्यांसाठी बसवायला तुमचे अधिकार पुरेसे नाहीत’, तर असं करा. फाइलवर राइट क्लिक करून ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ घ्या. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘टर्मिनल (अ‍ॅडमिन)’, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. तिथे एमएसआयएक्सेक ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा, म्हणजे एम, एस, आय, ई, एक्स, ई, सी ही अक्षरं सलग. मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि तिला चिकटून आय हे अक्षर, पुन्हा एक जागा सोडून मघाचा पाथ पेस्ट करा आणि एंटर. फाइल ओढून टर्मिनलमध्ये टाकायचा मोह होईल, पण वर सांगितलेल्या कारणानेच ती तिथेही पडणार नाही.

दुसऱ्याच्या पासवर्डचा सापळा

आता ते पेंड खाणारं घोडं. तुमचं खातं साधं आहे. सॉफ्टवेअर टाकायला गेलात, पासवर्ड मागितला. तुम्ही घरातल्या किंवा कामावरच्या अ‍ॅडमिनला हाक मारली, त्याने येऊन स्वतःचा पासवर्ड घातला, इन्स्टॉलर सुरळीत चालला, ‘फिनिश’ आलं. आणि डेस्कटॉपवर काही नाही. स्टार्ट मेन्यूत काही नाही. पुन्हा टाकायला गेलात तर म्हणतं, आधीच टाकलेलं आहे.

झालं असं, की पासवर्ड घातला त्या क्षणापासून इन्स्टॉलर तुमचा राहिलाच नाही. तो त्या अ‍ॅडमिनच्या नावाने चालला. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसणारं सॉफ्टवेअर असतं तर बिघडलं नसतं, ती जागा सगळ्यांची. पण ‘फक्त माझ्यासाठी’ प्रकारातलं असेल, तर ‘मी’ म्हणजे पासवर्ड घालणारा. सॉफ्टवेअर त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’त, शॉर्टकट त्याच्या डेस्कटॉपवर, नोंदी त्याच्या ‘करंट यूजर’मध्ये. तुम्हाला ते दिसत नाही आणि काढताही येत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने असं एक सॉफ्टवेअर तीनदा टाकलं होतं, दर वेळी त्याच अ‍ॅडमिनच्या खात्यात.

यावर उपाय दोन. सॉफ्टवेअर एकाच माणसासाठी बसणारं असेल तर चौकट येऊच द्यायची नाही, म्हणजे ‘जस्ट फॉर मी’ निवडून, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ न करता चालवायचं. दुसरा, त्याचा सगळ्यांसाठी असलेला इन्स्टॉलर मिळतो का पाहायचा. दोन्ही शक्य नसेल आणि संगणक तुमच्या मालकीचा असेल, तर तुमचं खातं तात्पुरतं अ‍ॅडमिन करता येतं. अ‍ॅडमिनच्या खात्यातून ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘अदर यूजर्स’मध्ये तुमचं नाव निवडून ‘चेंज अकाउंट टाइप’. त्यानंतर साइन आउट करून पुन्हा साइन इन करा, कारण ओळखपत्रं साइन इनच्या वेळी निघतात. काम झालं की न विसरता खातं परत साधं करा. हे ‘न विसरता’ फार थोड्यांना जमतं हेही सांगून ठेवतो.

पाचवी पायरी: काढणं

‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’. नावासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’. कंट्रोल पॅनेलमधलं जुनं ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ही अजून आहे.

ही यादी दोन्ही ठिकाणांहून गोळा होते, सामाईक नोंदींतून आणि तुमच्या खासगी नोंदींतून. म्हणून एकाच संगणकावर दोन खात्यांतून ही यादी वेगळी दिसू शकते. जे सॉफ्टवेअर यादीत असायला हवं पण नाही, ते बहुधा दुसऱ्या कुणाच्या खात्यात बसलेलं आहे. नियम सरळ आहे: ‘फक्त माझ्यासाठी’ टाकलेलं त्याच खात्यातून काढायचं, ‘सगळ्यांसाठी’ टाकलेलं कोणत्याही अ‍ॅडमिनने काढायचं. स्टोअरची अ‍ॅप्स तर तुम्ही काढलीत तरी तुमच्यापुरतीच जातात, दुसऱ्याच्या खात्यात राहतात.

काढतानाही चौकट येते आणि इथे ती जरा घाबरवते. एमएसआयने बसलेलं सॉफ्टवेअर काढताना तपशील उघडून पाहिलात तर ‘विंडोज’ फोल्डरातल्या ‘इन्स्टॉलर’ नावाच्या फोल्डरातली, आकडे आणि अक्षरं एकत्र करून ठेवलेल्या नावाची एखादी फाइल दिसते. हा व्हायरस नाही. एमएसआय बसवताना विंडोज तिची एक प्रत तिथे राखून ठेवतं, दुरुस्तीसाठी आणि काढण्यासाठी. डिस्कवर जागा कमी पडली की काही जण हे लपवलेलं फोल्डर शोधून साफ करतात. मग एमएसआयने बसलेलं सॉफ्टवेअर ना नीट काढता येतं ना अपडेट करता येतं. त्याला हात लावू नका.

अधिकाराच्या कारणाने काढणं अडलं, तर एरर १७३० दिसेल किंवा ‘तुम्हाला पुरेसा अ‍ॅक्सेस नाही, सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला भेटा’ असा मजकूर. तेव्हा या क्रमाने जा. आधी संगणक रीस्टार्ट करा. कधी कधी सॉफ्टवेअरचा एखादा भाग मागे चालू असतो आणि ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’चं खरं कारण तेवढंच असतं. मग अ‍ॅडमिनच्या खात्यात थेट साइन इन करून तिथून काढून पाहा. तरीही नाही जमलं तर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात ‘अनइन्स्टॉल’ किंवा ‘अनइन्स’ने सुरू होणारी फाइल शोधा, तिच्यावर राइट क्लिक आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. एमएसआयची मूळ फाइल हाताशी असेल तर टर्मिनलमधली मघाचीच आज्ञा वापरा, फक्त आयच्या जागी एक्स.

सेफ मोडमध्ये जाऊन, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करून, काढायचा सल्ला बरेच जण देतात. एमएसआयच्या बाबतीत तो उपयोगाचा नाही, कारण विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस सेफ मोडमध्ये मुळात चालतच नाही.

आणि वैतागून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधलं फोल्डर उडवू नका. अ‍ॅडमिन म्हणून ते जमेलही, पण यादीतली नोंद, सर्व्हिस, रजिस्ट्रीतले धागे तसेच राहतात आणि ते काढणारा अनइन्स्टॉलर तर तुम्ही फोल्डरासकट उडवलेला असतो.

काढल्यावरही थोडा पसारा राहतो. तुमच्या ‘अ‍ॅपडेटा’त त्या सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर असेल तर ते हाताने काढा, परवानगी लागत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘हिडन आयटम्स’ केलं की ‘अ‍ॅपडेटा’ दिसतं. इतरांच्या खात्यांतला पसारा ज्याचा त्याने काढायचा. ‘अ‍ॅपडेटा’च्या ‘लोकल’मध्ये ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाचंही एक फोल्डर सापडेल. जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच आपल्या फाइली लिहायला जातात, तिथे त्यांना परवानगी नसते, तेव्हा विंडोज त्यांना न कळू देता ते लिखाण इथे वळवतं. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ‘हरवला’ अशी ओरड झाली की आधी इथे बघावं. काढण्यापूर्वी बघितलं तर आणखी चांगलं.

हातोडे, जे कपाटातच राहू द्यावेत

इंटरनेटवर प्रत्येक परवानगीच्या अडचणीवर तीन-चार ठरलेले उपाय सांगितले जातात. अडचण सुटते हे खरं, पण रोगापेक्षा औषध जालीम.

पहिला, फोल्डरचा मालक बदलून ‘टेक ओनरशिप’ करणं. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधलं ‘विंडोजअ‍ॅप्स’ हे फोल्डर उघडत नाही म्हणून लोक हे करतात आणि मग स्टोअरची अ‍ॅप्स अपडेट व्हायची थांबू शकतात. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ ही विंडोजची स्वतःची सर्व्हिस असते, अ‍ॅडमिनसुद्धा नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे.

दुसरा, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’. हा सर्वांत धोक्याचा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधला प्रोग्रॅम साध्या खात्यालाही बदलता आला, तर त्या खात्यातला कुठलाही घुसखोर तिथे आपली फाइल ठेवेल आणि पुढच्या वेळी अ‍ॅडमिन ती चालवेल. एखादं जुनं सॉफ्टवेअर आपल्या फोल्डरात लिहिल्याशिवाय चालतच नसेल, तर फक्त डेटाच्या उपफोल्डरावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘एडिट’ करून ‘यूजर्स’ या गटाला ‘मॉडिफाय’ द्या. प्रोग्रॅमच्या फाइली ज्या फोल्डरात आहेत त्याला नाही.

तिसरा, यूएसीची पट्टी तळाला नेणं. व्हिस्टाच्या चौकटींनी लोक इतके कावले होते की २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने चौकटी कमी केल्या आणि चार टप्प्यांची ही पट्टी दिली. वरून दुसरा टप्पा मूळचा, तिथेच ठेवा. तळाच्या ‘नेव्हर नोटिफाय’वर अ‍ॅडमिनला काही न विचारता सगळ्याला होकार मिळतो. साध्या खात्याचं उलटं होतं, त्याला न विचारता सगळ्याला नकार मिळतो! चौकटी बंद केल्यावर मुलांच्या खात्यात काहीच बसेना, अशी तक्रार असेल तर कारण हे.

नोकरीच्या संगणकाबद्दल थोडक्यात. तिथे १६२५ हा एरर आला, म्हणजे ‘सिस्टीम पॉलिसीने मनाई आहे’, तर तुमच्या हातात काही नाही. आयटी विभागाला सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि कारण कळवा. वळसे घालून बसवायच्या युक्त्या शोधू नका, नोंदी राहतात.

शेवटची मांडणी: दोन खाती

स्वतःच्या संगणकावर मी रोजचं काम साध्या खात्यात करतो आणि अ‍ॅडमिनचं खातं वेगळं ठेवतो. असं करायचं असेल तर क्रम चुकवू नका. ‘अदर यूजर्स’मध्ये ‘अ‍ॅड अकाउंट’ करून नवं खातं काढा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशिवायही ते काढता येतं. ‘चेंज अकाउंट टाइप’मधून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या आणि तो संगणकाबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. आता साइन आउट करून या नव्या खात्यात खरोखर एकदा साइन इन करा, आणि एखादं किरकोळ सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी टाकून आणि काढून पाहा. हे सगळं जमलं तरच, त्या नव्या खात्यात असतानाच, आपलं जुनं खातं ‘स्टँडर्ड’ करा. एकमेव अ‍ॅडमिनचा पासवर्ड विसरून बसलात तर चौकट येत राहील, पण तिला द्यायला तुमच्याकडे उत्तर नसेल. आणि चालू स्थितीतलं एकही अ‍ॅडमिन खाते उरलं नसेल, तर पासवर्डची जागाच दिसणार नाही आणि ‘येस’चं बटण पुसट झालेलं असेल.